काका, तुम्ही सरळ 'नाही जमत' म्हणा ना

काका, तुम्ही नाव नाही लिहिलं, खाली फक्त '28 वर्षं भोजनालय चालवणारा' एवढंच लिहिलं, म्हणून काकाच म्हणते, चालेल ना. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा रात्री वाचली तेव्हा डोकं तापलं, सकाळी चहा घेताना परत वाचली तर अर्धी पटली, आणि कोणती अर्धी ते ठरवता ठरवता तीन दिवस गेले.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. आजारामुळे माझा गहू बंद झाल्यावर नागपुरात बाहेर काय काय खाता येतं असं मी लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं असं की हे सगळे पैशेवाल्यांचे चोचले आहेत, हिने 34 वर्षं पोळ्या हाणल्या तेव्हा काही झालं नाही आणि आता काहून होऊन राहिलं, हिंगात गहू असतो म्हणून लोकांना उगाच भेव दाखवते, दुपारी एक वाजता आमचा पोरगा बारा टेबलं सांभाळून राहिला असतो आणि ही बाई त्याची मुलाखत घेते, वरून घरची भाकर डब्यात आणून आमच्या टेबलावर बसते, आणि एवढीच नाजूक तब्येत असेल तर घरी जेवावं. शेवटी एक वाक्य असं की उपवास नसताना उपवास आहे म्हणून सांगणं ही लबाडी आहे. हे शेवटचं सगळ्यात जास्त झोंबलं कारण ते खरं आहे.

आधी 34 वर्षांचं बोलू. काही झालं नाही असं नाही हो काका, झालं होतं पण ते कशाने होऊन राहिलं ते कोणाला कळत नव्हतं. हिमोग्लोबिन सातच्या वर जायचंच नाही, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळले, पोट सदा फुगलेलं, दोन जिने चढले की धाप. एका ठिकाणी सांगितलं टेन्शन घेता तुम्ही, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं बायकांना असतंच. मग एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट करायला लावली, ती पॉझिटिव्ह आली, एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासले आणि नाव कळलं, सिलिअॅक. गहू, जव आणि राय (हे एक धान्य, मोहरी नाही) यांच्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर चालून जातं, आतड्याच्या आतल्या बारीक केसांसारख्या लव असतात त्या झडून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर आजवर गोळी नाही, गहू बंद करणं हाच इलाज, तोही जन्मभर. आणि हे काही गोऱ्या लोकांचंच दुखणं नाही, आपल्या उत्तर भारतात तपासलं तेव्हा साधारण शंभरात एकाला निघालं, त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता. (वाचणाऱ्यांपैकी कोणाला शंका आली तर टेस्टच्या आधी गहू सोडू नका बरं, टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.)

पण चोचल्यांबद्दल तुम्ही पूर्ण चुकीचे आहात असंही मी म्हणणार नाही. वजन उतरवायला ग्लुटेन सोडलेले लोक मीही पाहिले आहेत, वेटरला दहा प्रश्न विचारून भाकर मागवतात आणि शेवटी गुलाबजाम खातात, ज्यात मैदा असतो. असं चारदा पाहिलेला वेटर माझ्यावर काहून विश्वास ठेवेल? त्याचा राग मला येत नाही, त्या गुलाबजामवाल्यांचा येतो.

आता हिंग. तुम्ही लिहिलं 'हिंगात गहू? काहीही!' मलाही असंच वाटलं होतं. तुमच्या किचनमधली हिंगाची डबी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. निखळ हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून निघणारा चीक, तो अफगाणिस्तान-इराणकडून येतो, आपल्याकडे तर हिमाचलात लाहौलला त्याची लागवड 2020 मध्ये पहिल्यांदा सुरू केली. तो इतका जहाल असतो की तसाच सहसा कोणी वापरत नाही, त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधणी हिंग करतात. ते पीठ कोणी तांदळाचं घालतं, पण पुष्कळ डब्यांत गव्हाचं किंवा मैदा असतो. मी कोणाला भेव नाही दाखवत, डबीवरच छापलेलं आहे ते.

आणि याचं दुःख काय आहे सांगू? आपलं विदर्भाचं जेवण बाप्पा जसं काही माझ्यासाठीच बनलंय. गोळाभात, वडाभात, पाटवडी रस्सा, झुणका, ज्वारीची भाकर, कशातच गहू नाही. माझी आजी सांगायची की त्यांच्या घरी पोळी सणालाच, एरवी तिन्ही त्रिकाळ ज्वारी. म्हणजे आजीच्या स्वयंपाकघरात मला काहीच विचारावं लागलं नसतं. आज मात्र गोळाभातावर ते हिंगाचं कढत तेल ओतलं की माझं ताट गेलं. डोसा-इडलीच्या ठिकाणीही तेच, इडली चालते पण सांबार (आपला हिरवा सांबार म्हणजे कोथिंबीर नाही, वाटीतला) हिंगाशिवाय नसतोच, आणि डोसा ज्या तव्यावर होतो त्याच्यावर आत्ताच कोणाचा तरी रवा डोसा निघालेला असतो.

चिमूटभराने काय होतं असं तुम्ही विचाराल. एका पोळीत दोन-तीन ग्रॅम तरी ग्लुटेन असतं, आणि माझ्यासारख्याला दिवसाला साधारण 10 मिलीग्रॅमच्या आत राहायचं असतं. म्हणजे पोळीचे दोनशे-तीनशे तुकडे करा, त्यातला एक. तळल्याने-भाजल्याने ते जळून जात नाही, म्हणून समोसा-कचोरीच्या कढईतला साबुदाणा वडा मला चालत नाही, साबुदाण्यात गहू नसला तरी. पण साबण-पाण्याने भांडं घासलं की ते निघून जातं, त्यामुळे मला वेगळं किचन, वेगळा गॅस काही लागत नाही, घासलेला तवा आणि घासलेला चमचा पुरतो. तेवढंही नेहमी जमेल असं नाही, ते मला कळतं.

रश टायमाचं तुमचं म्हणणं मान्य, पूर्ण मान्य. दुपारी एक वाजता प्रश्न विचारणं हा माझा मूर्खपणा होता. आता मी तीन-साडेतीनला जाते नाहीतर आधी फोन करते. आणि एक कार्ड केलं आहे लॅमिनेट करून, त्यावर ग्लुटेन हा शब्दच नाही, कारण एकदा मी ग्लुटेन म्हटलं तर पोरगा म्हणे ग्लुकोज तर काउंटरवर मिळते मॅडम. कार्डावर लिहिलं आहे की गहू, कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, जव, यातलं काही घातलं असेल किंवा हिंग घातला असेल तर मला देऊ नका, मी आजारी पडते. पोरगा ते घेऊन आत महाराजाला दाखवतो, दोन मिनिटांत उत्तर येतं. सावजी मसाल्यात काय काय आहे हे मी कधीच विचारत नाही, तुमचं सिक्रेट तुमच्याजवळ ठेवा, मला फक्त रस्सा दाट करायला पीठ लावलं का तेवढं पाहिजे.

आता घरी जेवा म्हणता त्याबद्दल. जेवतेच हो, महिन्यातले बहुतेक दिवस घरीच. पण ऑफिसातल्या कोणाचं प्रमोशन झालं, भाचीचा वाढदिवस आहे, नणंद पुण्याहून आली आणि तिला सावजी खायचं आहे, तेव्हा मी काय दाराबाहेर उभी राहू? डब्यातली भाकर मी म्हणूनच आणते. ती काही हौसेने नाही आणत, मे महिन्यात डब्यातली भाकर दुपारपर्यंत पापड होते, तीच तोडून रश्श्यात बुडवते. तुमची भाकर घेतली असती आनंदाने, पण मागे एका ठिकाणी (नाव नाही सांगणार) विचारलं, भाकर फक्त ज्वारीची ना, तर पोरगा म्हणाला हो हो मॅडम, प्युअर. खाल्ली, रात्रभर उलट्या, तीन दिवस सुट्टी. पुढच्या आठवड्यात त्यालाच विचारलं तर हसत म्हणाला, थापताना तुटू नये म्हणून मूठभर कणीक टाकतो ना आम्ही. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं काका, गिऱ्हाईक नाराज होऊ नये एवढंच होतं. माझा सगळा वांधा त्या 'हो हो'चाच आहे.

याच्या उलट एक तर्री-पोह्याचा ठेलेवाला आहे. पहिल्या दिवशी कार्ड वाचून म्हणाला, ताई, भजे नका घेऊ, त्याच तेलात कचोरी काढतो, पोहे घ्या, तर्री चण्याची आहे आणि हिंग मी टाकत नाही, वरचा चिवडा मात्र विकत आणतो, त्यात काय असते मलाच माहीत नाही, तो नका घेऊ. 'मलाच माहीत नाही' असं मला आजवर एकाही एसी हॉटेलात कोणी म्हटलं नाही. तेव्हापासून दर रविवारी त्याच्याकडेच जाते, घरचे तिघं सोबत, म्हणजे चार प्लेटा आणि त्यांची कचोरी वेगळी. धंद्याच्या दृष्टीनेही त्याचं काही बिघडलं नाही.

आणि मी कायद्याचा धाकही दाखवत नाही. मेनूवर अॅलर्जीची माहिती लिहायचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षावाल्यांचा) 2020 चा नियम आहे तो मोठ्या साखळीवाल्यांना आहे, 10 किंवा जास्त शाखा असणारे किंवा सेंट्रल लायसन्सवाले, एका भोजनालयाला नाही.

राहिला उपवास. हो, मी खोटं बोलले होते, दोनदा. कारण सिलिअॅक म्हटलं की पोरगा तोंडाकडे पाहतो आणि उपवास म्हटलं की महाराज स्वतः बाहेर येऊन विचारतो, मीठ सैंधव टाकू का. गहू नाही, हिंग नाही, कढई वेगळी, सगळं न सांगता होतं. आपल्याकडे देवासाठी तवा घासतात, पेशंटसाठी घासायला मात्र कार्ड दाखवावं लागतं, म्हणून मोह झाला. पण तुमचं वाचून वाटलं की ज्याने श्रद्धेने कढई बदलली त्याला फसवलं मी. ते मूळ लेखातून काढून टाकलं आहे, परत करणार नाही.

'न खाण्यासारखी ठिकाणं' हे उपशीर्षकही बदललं. तिथलं अन्न वाईट नाही, ते फक्त मला चालत नाही, आणि ते तसं लिहायला हवं होतं.

तुमचं भोजनालय कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण कळवलं तर एखाद्या मंगळवारी साडेतीनला येईन, गर्दी उतरल्यावर. भात आणि रस्सा घेईन, तोवर हिंगाची डबी तेवढी वाचून ठेवा. भाकर माझी मी आणीन, पण ती तुमच्या ताटात ठेवून खाल्लेली चालेल का ते आधीच सांगा. नसेल चालत तर तसंही सांगा, मी रस्सा पार्सल घेऊन जाईन.