‘एक वेंगुर्लेकर, मु. डोंबिवली’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाव न देता ‘एक वेंगुर्लेकर’ म्हणून लिहिलंत, म्हणून मीही तसंच संबोधतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ला या बंदराच्या गावाची लोकसंख्या शंभर वर्षांत घटली, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: 1901 चा आकडा फुगलेला आहे, डचांची वखार म्हणजे दोन खोल्या आणि एक भिंत, तिचं कौतुक पुरे झालं, गावाची माणसं आळशी, मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगली म्हणून गाव बसलं, आणि आता चिपीला विमानतळ आलाय, तेव्हा रडगाणं थांबवा. शेवटी “आमचा वेंगुर्ला कधी मोठा होता?” असा सवालही टाकलात.

आधी आकड्याचं बोलू. 1901 च्या जनगणनेत वेंगुर्ला शहराची लोकसंख्या 19,018 आहे. 2011 ला ती साडेबारा हजारांच्या आत आली. या काळात देशाची लोकसंख्या पाचपट झाली, हेही सोबत ठेवा. तुमचं म्हणणं, नगरपालिकेची हद्द तेव्हा वेगळी असेल तर तुलना कशी करायची? रास्त मुद्दा आहे. मग हद्दीचा वाद बाजूला ठेवून अख्खा सिंधुदुर्ग घ्या. 2001 ला 8,68,825, 2011 ला 8,49,651. महाराष्ट्रात माणसं वाढत असताना हा जिल्हा आकसला, शेजारचा रत्नागिरीही आकसला. सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे 1,036 बायका आहेत, कारण पुरुष कामासाठी मुंबईकडे गेले, हे डोंबिवलीत बसलेल्या तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मात्र मीच काढतो, कारण त्यात खरी गंमत आहे. तेव्हाची शिरगणती एका रात्रीत व्हायची. त्या रात्री जो जिथे सापडला, तो तिथे मोजला. 1901 ची रात्र होती 1 मार्चची. मार्च म्हणजे बंदराचा ऐन हंगाम: पाऊस नाही, दर्या शांत, मचवे-फत्तेमाऱ्या येताहेत, खलाशी, हमाल, गाडीवान सगळे गावात. हीच मोजणी आषाढात झाली असती तर आकडा खाली आला असता. म्हणजे 19,018 मधले काही जण पाहुणे असणार. त्याने माझा मुद्दा पडतो असं मला वाटत नाही, उलट बळकट होतो. बंदराच्या गावाची वस्ती अशीच असते. तिथे राहणारे आणि तिथून जाणारे यांच्यात रेघ ओढता येत नाही, आणि जाणारे थांबले की राहणाऱ्यांचंही पोट हलतं.

हे जाणारे कुठून यायचे? वरून, घाटावरून. धारवाड, हुबळी, बेळगावचा कापूस बैलगाड्यांनी आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर यायचा आणि गलबतांनी मुंबईला जायचा. बेळगावच्या इंग्रजी छावणीची रसद याच वाटेने उलटी वर चढायची. गावातला ‘कॅम्प’ भाग त्याच काळाची आठवण आहे. मग गोव्यात, पोर्तुगिजांच्या हद्दीत मुरगावचं बंदर झालं, आणि 1888 पर्यंत तिथून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकमार्गे आगगाडी वरच्या मुलखाला जोडली गेली. कापसाला आता घाट उतरायचं कारणच उरलं नाही. गाव त्या दिवशी ओस पडलं नाही. सावंतवाडी संस्थानाची ये-जा होती, मुंबईच्या बोटी होत्या. पण पाठीमागचा देश गेला, आणि बंदर आपल्या मातीवर नाही, पाठच्या देशावर जगतं. पुढे हमरस्ता आणि 1998 ला पूर्ण झालेली कोकण रेल्वे, दोन्ही कुडाळ-सावंतवाडीवरून गेली. कुडाळ का वाढलं, हे वेगळं सांगायला नको.

आता वखार. ती पडकी आहे, मान्य. पण 1637 साली आदिलशाहीच्या परवानगीने डच इथे बसले ते मिरीपुरते नव्हे. त्यांचं आरमार गोव्याची नाकेबंदी करत होतं आणि त्या जहाजांना पाणी, धान्य, मांस जवळून हवं होतं. गोव्याच्या उशाशी, पण पोर्तुगिजांच्या हाताबाहेर, अशी जागा त्यांना हवी होती. 1648 मध्ये इथे उतरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये गाव मोठं असल्याचं लिहितो आणि इथल्या वेलचीचंही नाव घेतो. त्यानंतर 1664 मध्ये बंडाळी झाली म्हणून शिवाजी महाराजांनी ते जाळलं, 1675 मध्ये मोगलांनी जाळलं, 1696 मध्ये खेम सावंतांनी लुटलं, अशी नोंद इंग्रजांच्या काळच्या सरकारी गॅझेटियरमध्ये आहे. (महाराजांचं नाव आल्यावर तुमचा आवाज चढला, पण त्या काळात बंड करणारं बंदर असंच हाताळत. त्यात बदनामी कसली?) मला यात जाळपोळीपेक्षा तिची पुनरावृत्ती महत्त्वाची वाटते. गाव दोनदा जळतं आणि तिसऱ्यांदा लुटण्याजोगं पुन्हा उभं राहतं, ते उगाच? 1772 मध्ये इंग्रज इथे वखार घालतात आणि 1812 मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून गावच घेतात, तेही उगाच नव्हे.

आळशीपणाचा मुद्दा मला खरं सांगायचं तर चीड आणतो. 1921 च्या सुमारास मुंबईत दर पाच माणसांमागे एक जण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता, आणि वेंगुर्ला त्यातच होता. गिरणीत बारा-बारा तास सांचे चालवणाऱ्यांना आळशी म्हणायचं असेल तर म्हणा. मनीऑर्डर ही त्यांच्या घामाची होती, गावाची भीक नव्हती. आणि जे मागे राहिले त्यांनीही हातावर हात ठेवून वाट पाहिली नाही. 1957 पासूनच्या इथल्या फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या कलमांना ‘वेंगुर्ला’ हेच नाव आहे, ती कलमं साऱ्या कोकणात लागली. गावातल्या नवाबागेतले गाबीत मच्छीमार आजही पहाटे होड्या काढतात. माझ्या लेखात त्यांच्यावर कमी लिहिलं गेलं ही तुमची तक्रार खरी आहे, पण तो विषय एका परिच्छेदात उरकण्याचा नाही, स्वतंत्र लिहीन.

राहिला विमानतळ. चिपीला 9 ऑक्टोबर 2021 ला उद्घाटन झालं, तालुका वेंगुर्ल्याचाच. पण उतरलेला पाहुणा मालवण-तारकर्लीला जातो, की आपल्याकडे सागरेश्वरच्या किनाऱ्याला येतो, आणि चार दिवसांनी परततो. जनगणनेत तो मोजला जात नाही, आता एका रात्रीची पद्धत राहिलेली नाही. घरं भाड्याने लागतील, खानावळी चालतील, हे चांगलंच. शाळेचे वर्ग मात्र त्याने भरत नाहीत. ते भरायचे तर पंचविशीतल्या पोराला इथे बारमाही काम हवं, आणि तसं काम विमानतळाने किती दिलं याचा हिशोब तुमच्याकडे असेल तर नक्की टाका, मी लेखाखाली जोडतो.