आजोबांची चाळिशी आणि माझी खोगीरभरती

चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणणारी आपली भाषा माणसाचे वय झाकण्याच्या भानगडीत पडत नाही. मला ती चव्वेचाळिसाव्या वर्षी लागली आणि त्याच सुमारास माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांच्या वडिलांची, म्हणजे आमच्या नानांची, चाळिशी सापडली. गोल काचा, सोनेरी तार, कानामागे आकड्यासारख्या वळलेल्या काड्या आणि मिटताना हटकून बोट चावणारी पत्र्याची डबी. नवा चष्मा करण्याऐवजी हाच दुरुस्त करून रोज वापरावा असे मी जाहीर केले, तेव्हा घरातील कोणीही मला अडवले नाही, ही तक्रार मी येथे प्रथमच नोंदवून ठेवतो.

काडीच्या आतील बाजूस एक दशांश, बारा कॅरट आणि ‘जीएफ’, म्हणजे ‘गोल्ड फिल्ड’, अशा खुणा कोरलेल्या होत्या. याचा अर्थ असा की फ्रेमच्या वजनाचा दहावा हिस्सा सोन्याचा आहे आणि ते सोनेही निम्मेच शुद्ध आहे. हा मुलामा नव्हे. हलक्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा उष्णतेने आणि दाबाने बसवून मग दोन्ही एकत्र ओढलेली ही तार असते. रविवार पेठेतल्या सोनाराने ती कसोटीवर घासली, बारा ग्रॅम वजन केले आणि मनातल्या मनात हिशेब करून माझ्याकडे करुणेने पाहिले. मी त्याला सांगितले की 2020 साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे गांधीजींचा असाच गोल, सोनेरी चष्मा लिलावात 2,60,000 पौंडांना गेला.

“तुमचे आजोबा कोण होते?” त्याने विचारले.

“जिल्हा न्यायालयात कारकून.”

“मग पाच गुंजा.”

साफसफाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नाकाजवळच्या भागावर पितळी भांडे कळकते तसा हिरवा थर होता. आईने चिंच सुचवली, मी साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश यांवर भागवले, तरीही उत्साहाच्या भरात एके ठिकाणचे सोने पुसले गेले आणि आमचा मूळ धातू उघडा पडला. काड्यांच्या टोकांवरील सेल्युलॉइडचे आवरण गरम पाण्यात धरताच स्वयंपाकघरभर कापराचा वास सुटला आणि आईने बाहेरून “अरे, आरती कोणी केली?” असे विचारले. सेल्युलॉइड बनवताना कापूर वापरतात आणि ते चटकन पेट घेते, हे मला नंतर कळले. आदल्याच दिवशी मी त्या काड्या गॅसवर शेकाव्यात का, याचा गंभीरपणे विचार करत होतो.

खरी परीक्षा स्क्रूने घेतली. काच बदलायची तर रिमच्या सांध्यावरील स्क्रू काढावा लागतो आणि हा जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा जीव नानांच्या घामाच्या क्षारांनी असा जाम झाला होता की दोन दिवस तेलाचे थेंब पाजूनही तो हलला नाही. तिसऱ्या दिवशी तो हलला, सहज फिरला आणि मी ‘जमले’ म्हणेपर्यंत उडून जमिनीवर गेला. आमच्या घरात मोझॅकची फरशी आहे. तिच्यात पांढरे, काळे, पिवळे खडे अशा खुबीने बसवलेले आहेत की प्रत्येक चौरस फुटात शे-दीडशे स्क्रू दिसतात आणि त्यांतला एकही उचलता येत नाही. मुलाच्या प्रयोगपेटीतील लोहचुंबक मी दिवाणखानाभर फिरवला. त्याला तीन टाचण्या आणि स्टेपलरची एक पिन मिळाली. स्क्रू जर्मन सिल्व्हरचा असावा. या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी औषधालाही नसते आणि तो लोहचुंबकाला दाद देत नाही.

तीन चष्मेवाल्यांनी “मोडला तर जबाबदारी आमची नाही” असे आधीच बजावून चष्म्याला हातही लावला नाही. चौथ्या दुकानातील वृद्ध गृहस्थांनी थोडा जाड स्क्रू शोधून त्यासाठी भोकात नवे आटे पाडले आणि माझ्या नंबरच्या प्लास्टिकच्या काचा बसवून दिल्या. आता अडचण नाकाची होती. या फ्रेमला नाकावर टेकणाऱ्या गाद्या नसतात. मधली तारच खोगिरासारखी वळवलेली असते आणि इंग्रजीत तिला नावही खोगिराचेच आहे. ते खोगीर नानांच्या नाकासाठी बेतलेले, आणि माझे नाक आजोळहून आलेले. शेवटी त्याखाली सिलिकॉनचे दोन चिकट तुकडे लावले. ‘खोगीरभरती’ हा शब्द मी आयुष्यभर इतरांच्या लेखनाबद्दल वापरत आलो, ती प्रत्यक्ष नाकावर करण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

गोल काचेचा आणखी एक गुण रोजच्या वापरातच समजतो. माझा नंबर सिलिंडरचा आहे, म्हणजे काच एका ठराविक कोनातच बसली पाहिजे. रिम किंचित सैल असेल तर चौकोनी काच जागेवर राहते, गोल काच मात्र पुसता पुसता फिरते. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसून मी मान वर केली की कार्यालयातील फलकांना भोवळ आलेली असते. मग मी सर्वांसमोर काच अंगठ्याने हळूहळू फिरवतो, जुन्या रेडिओवर केंद्र लावावे तशी, आणि अक्षरे ताठ झाली की थांबतो.

त्या वळणदार काड्यांचे इंग्रजी नावही घोडेस्वारीवरूनच पडले आहे, कारण दौडत्या घोड्यावरून चष्मा पडू नये अशी त्यांची पकड असते. पुण्यात मी स्कूटर चालवतो. सरळ काड्यांचा चष्मा हेल्मेट चढवल्यावर फटीतून सरकवता येतो. हा मात्र आधी कानांना गुंडाळावा लागतो आणि वर हेल्मेट ओढले की ते आकडे कानांच्या मुळाशी रुततात. खोगीर नाकावर आणि लगाम कानांत, तेव्हा या व्यवस्थेत घोडा कोण हे मला सिंहगड रस्त्यावरच्या एका सिग्नलपाशी उमगले.

दिवाळीच्या साफसफाईत आईला शिवणयंत्राच्या पायटीखाली नानांचा मूळ स्क्रू सापडला. तिने तो तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला. मी भारावून जाऊन नवा स्क्रू काढला आणि जुना त्याच्या हक्काच्या भोकात घातला. नव्या आट्यांतून तो आरपार निघाला आणि फरशीवर पडला.