चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन?

इंदूरच्या रोड बाइकवाल्यांत, म्हणजे रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या हलक्या सायकली चालवणाऱ्यांत, एक सल्ला सारखा फिरतोय: ‘चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन. आधी हलकी चाकं घ्या. घाट सोपा होईल, सपाटीवर वेग टिकेल.’ नवी पोरं यापायी अख्ख्या सायकलीएवढे पैसे चाकांत घालताहेत, म्हणून लिहितोय.

‘एकाचे दोन’ खोटं नाही. रिम, म्हणजे टायर बसतो ते चाकाचं बाहेरचं कडं, पुढे जाते आणि फिरतेही, म्हणून वेग घेताना तिच्या वजनाला जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. पण फक्त वेग घेताना. दोन्ही रिम मिळून अर्धा किलो कमी केलंत, तर शून्यावरून ताशी ३६ किलोमीटरला जाताना ५० ज्यूल वाचतात. २०० वॉटने पायडल मारणारा तेवढे पाव सेकंदात देतो.

घाटात तर हा हिशेब लागूच होत नाही. वजन चाकात आहे की बाटलीत, गुरुत्वाकर्षणाला सारखंच. सायकल आणि माणूस मिळून ८४ किलो, चढ ३०० मीटरचा आणि ताकद तीच २०० वॉट धरा. वीस मिनिटांहून जास्त चालणाऱ्या या चढात अर्ध्या किलोने सात-साडेसात सेकंद वाचतात. यावर कुणी म्हणतं, दर पायडलला वेग कमीजास्त होतो, तिथे हलकं चाक कामी येतं. तसं नाही. जड चाक वेग घ्यायला ऊर्जा खातं, तशीच दोन पायडलांच्या मधे ती परतही देतं.

सपाटीवर, म्हणजे आपल्या सुपर कॉरिडॉरवर, तिशीच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. तिथे थोडी जड पण खोल रिम, म्हणजे टायरपासून आसाकडे जास्त रुंद असलेली, हवा नीट कापते आणि हलक्या, उथळ रिमपेक्षा बरेचदा वेगवान ठरते.

वजन उतरवायला तारा कमी करतात, हे मला सगळ्यात खटकतं. भेरूघाटातून परत येताना माझ्या मागच्या २० तारांच्या चाकाची एक तार तुटली. लगेच एवढा आऊट आला, म्हणजे चाक एवढं वाकडं फिरू लागलं, की ते ब्रेकला घासू लागलं आणि उरलेला घाट मी सायकल ढकलत चढलो. वजनदार माणसाने मागे २८ किंवा ३२ तारा घ्याव्यात आणि सगळ्यांचा ताण सारखा करून देणारा कारागीर शोधावा.

हलकं चाक सिग्नलवरून झटकन उचलतं, तो आनंद खरा आहे. पण हातात थोडेच पैसे असतील, तर आधी चांगले मऊ २८ मिलिमीटरचे टायर घ्या. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का, ते आधी मोजून घ्या.