प्रिंटला मराठी दिली की पानभर कचरा!

अरे परत तेच! ऑफिसची मराठी नोटीस, साधी टेक्स्ट फाइल, एनस्क्रिप्टने (लिनक्सवरचं टेक्स्ट प्रिंट करायचं टूल) प्रिंटला सोडली की कागदावर नुसते डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए आणि मधेमधे ते चार पाय फुटलेलं चलनाचं गोल चिन्ह. का तर त्याला यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या कंप्युटरात साठवायचं कोडिंग) कळत नाही, जे १९९२ पासून आहे! बरं फोल्डने (लांब ओळी तोडायची कमांड) ८० वर ओळी तोडाव्यात तर इथल्या जुन्या लिनक्सवरचं फोल्ड अक्षरं नाही, बाइट (कंप्युटरातलं साठवणीचं माप) मोजतं, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे २६ झाली की सत्ताविसाव्याच्या मधोमध कात्री. पॅप्स नावाचं दुसरं प्रिंटचं टूल पँगो ही अक्षरं मांडणारी लायब्ररी वापरतं म्हणून त्यात जोडाक्षरं नीट येतात, पण ते प्रत्येक नव्या मशीनवर आपणच हुडकून टाकायचं. आधीपासून का नाही देत यार?