अपडेट टाळणे आणि अपडेटची वेळ ठरवणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अँड्रॉइड फोनचे आपोआप होणारे सिस्टीम अपडेट कसे थांबवावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत आणि स्वतःची ओळख 'एक निवृत्त बँक कर्मचारी' एवढीच दिलीत. आपले म्हणणे थोडक्यात असे : ज्या फोनवर आज लोकांचे पेन्शनचे खाते आणि यूपीआय आहे, त्याचे अपडेट बंद करायला शिकवणे हा बेजबाबदारपणा आहे, फोन बनवणाऱ्या कंपनीला माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि वर मी सांगितलेला उपाय आपल्या २०२१ सालच्या सॅमसंगवर लागू पडलाच नाही, उलट तो करून पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी बँकेचे ॲप उघडेनासे झाले. हा शेवटचा मुद्दा आपण जाता जाता लिहिला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करतो, कारण तिथली चूक निखालस माझी आहे.

मी लिहिले होते की 'अबाउट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवावे, म्हणजे 'डेव्हलपर ऑप्शन्स', म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या एरवी लपलेल्या सेटिंग्ज, उघडतात, आणि त्यातले 'ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स' हे बटण बंद करावे. हे बटण नेमके काय करते, ते मात्र मी सांगितले नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की फोन रिस्टार्ट होताना अपडेट लागू केले जाईल, आणि सगळी मेख त्या ओळीत आहे. २०१६ साली अँड्रॉइड ७ बरोबर गूगलने अशी रचना आणली की फोनमध्ये सिस्टीमसाठी दोन जागा असतात. एका जागेवरून फोन चालू असतो, तेवढ्यात दुसऱ्या जागेत नवी आवृत्ती गुपचूप भरली जाते, आणि फोन बंद करून पुन्हा चालू केला की तो थेट नव्या जागेवरून सुरू होतो. नवी आवृत्ती सुरूच झाली नाही, तर फोन जुन्या जागेवर परत येतो. हे बटण अशा फोनांसाठी आहे. सॅमसंगने ही रचना बरीच वर्षे स्वीकारली नाही. त्यांच्याकडे ती २०२४ च्या गॅलेक्सी ए५५ पासून दिसू लागली, आणि त्यांचे अपडेट त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेतून येते. त्यामुळे आपल्या फोनवर मी सांगितलेल्या बटणाचा उपयोग झाला नाही, यात नवल नाही. आपल्या फोनवर 'सेटिंग्ज'मध्ये अगदी खालच्या बाजूला 'सॉफ्टवेअर अपडेट' आहे, त्यात 'ऑटो डाउनलोड ओव्हर वाय-फाय' हा पर्याय आहे, तो बंद करायचा; डेव्हलपर ऑप्शन्सच्या वाटेला जायचेच नाही. शाओमीच्या फोनवर सिस्टीम अपडेटच्या पानावर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात, त्यांच्या आत अपडेटच्या सेटिंग्ज मिळतात आणि रात्री आपोआप अपडेट करण्याचा पर्याय तिथे बंद करता येतो.

बँकेच्या ॲपचे कारणही याच्याशीच जोडलेले आहे. डेव्हलपर ऑप्शन्स उघडल्यावर संगणक जोडून फोन हाताळण्याची सोय चालू करता येते, म्हणून आपल्याकडच्या काही बँकांची ॲप ते ऑप्शन्स चालू दिसले की संदेश दाखवून बंद होतात. बँकेचे वागणे रास्तच आहे. त्या पानाच्या अगदी वर मुख्य बटण असते, ते बंद केले की ॲप पूर्ववत चालेल. हा इशारा लेखात पहिल्याच परिच्छेदात असायला हवा होता, तो नव्हता, आणि आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे.

आता बेजबाबदारपणाच्या आरोपाकडे येतो. लेखाच्या शीर्षकात 'थांबवा' असे होते आणि केव्हा पुन्हा सुरू करा हे कुठेच नव्हते, इथवर मला आपले म्हणणे मान्य आहे. पण अपडेट टाळणे आणि अपडेटची वेळ स्वतः ठरवणे, या दोन गोष्टी आपण एकाच दावणीला बांधल्या आहेत. मला दुसरी हवी आहे, आणि ती का हवी आहे हे घरातल्या एका प्रसंगावरून सांगतो.

माझ्या वडिलांना दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. ते ब्लूटूथने फोनला जोडलेले असते, त्यामुळे फोनवरचे बोलणे थेट कानात येते. एरवी फोनवर त्यांना 'हॅलो' पलीकडे काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते उठले तेव्हा फोनवर रात्रीतून अँड्रॉइडची नवी आवृत्ती बसलेली होती. श्रवणयंत्र जोडलेले दिसत होते, पाठीमागे हिरवा ठिपकाही होता, पण कोणाचा फोन आला की आवाज कानात न येता फोनच्या स्पीकरमधून येई. मी यंत्र काढून पुन्हा जोडले, फोन बंद करून चालू केला, यंत्राच्या दुकानदाराला विचारले. उत्तर एकच मिळाले, की यंत्राचे ॲप नव्या आवृत्तीसाठी तयार व्हायचे आहे. ते तयार व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आम्हा भावंडांपैकी कोणी फोन केला की वडील स्वयंपाकघरात जात, आईच्या हातात फोन देत आणि तिच्या तोंडाकडे पाहून आमचे बोलणे समजून घेत. यात कंपनीचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण वडिलांच्या श्रवणयंत्राविषयी त्या कंपनीला माझ्यापेक्षा जास्त कळत नव्हते, एवढे तर आपणही मान्य कराल.

आणि कंपनीला जास्त कळते, हे गृहीतकही दर वेळी टिकत नाही. शाओमीच्या मी ए३ या फोनसाठी २०२० सरताना अँड्रॉइड ११ चे अपडेट आले आणि ते घेतलेले अनेक फोन पुन्हा चालूच झाले नाहीत. कंपनीने वितरण थांबवले आणि सेवा केंद्रांत फोन मोफत दुरुस्त करून दिले, ही तिची जमेची बाजू. पण ज्यांनी चार दिवस थांबून ते घ्यायचे ठरवले होते, त्यांना सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागले नाही. अपडेट टप्प्याटप्प्याने, आधी थोड्या फोनांना आणि मग सर्वांना, दिले जाते ते अशाच भीतीने. आधी ज्यांच्या फोनवर ते जाते त्यांच्यावर एका अर्थी चाचणीच चाललेली असते. शिवाय नव्या आवृत्तीवरून मागे येणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य आहे. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल ६ या फोनांच्या मालिकेला २०२२ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड १३ आले, त्यानंतर जुनी आवृत्ती पुन्हा चढवता येणार नाही अशीच सोय त्यात होती. त्यामागे सुरक्षेचे कारण आहे, कारण जुन्या आवृत्तीतली भोके चोराला पुन्हा उघडता येऊ नयेत. तरी ज्या दारातून परत येता येत नाही, त्यात पाऊल टाकण्याचा दिवस मालकाने ठरवावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

मात्र इथे माझ्या लेखात दुसरी एक मोठी उणीव राहिली होती, आणि आपला राग मुळात तिच्यावर असावा. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि दर महिन्याची सुरक्षेची दुरुस्ती, ज्याला पॅच म्हणतात, या दोन्ही गोष्टींना मी सरसकट 'अपडेट' म्हटले. पहिली वर्षातून एकदा येते आणि फोनचे रूप बदलते. दुसरीने काहीच बदललेले दिसत नाही, म्हणून तिची किंमत कळत नाही. ही मासिक दुरुस्ती सुरू कशी झाली ते सांगण्यासारखे आहे. २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट नावाची एक त्रुटी उजेडात आली. व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात हे भोक होते, आणि फोनवर एमएमएसने एक खास बनवलेला व्हिडिओ पाठवला की मालकाने तो उघडला नाही तरी फोनमध्ये शिरकाव होऊ शकत होता. सुमारे ९५ कोटी फोन तिच्या टप्प्यात असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. पुढच्याच महिन्यापासून गूगलने सुरक्षेच्या दुरुस्त्या दरमहा जाहीर करायला सुरुवात केली. अशी दुरुस्ती महिनोन्महिने अडवून ठेवणे म्हणजे कुलूप मोडले आहे हे गावभर छापून आल्यावरही ते न बदलणे होय, कारण दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे आहे हे चोरालाही कळते. तेव्हा नवी आवृत्ती महिनाभर थांबून घ्यावी. मासिक दुरुस्तीला आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त थांबवू नये, असे आता माझे मत आहे. आणि काही अपडेट एक दिवसही थांबवण्याजोगे नसते. पिक्सेल ६ए ला २०२५ च्या जुलैत सक्तीचे अपडेट आले, ज्यामुळे बॅटरीच्या ४०० चार्जिंग फेऱ्या झाल्यावर तिची क्षमता कमी केली जाते. पैसे मोजून घेतलेली क्षमता कंपनीने परस्पर कमी करावी, याची चीड मलाही येते. पण कारण बॅटरी अतिशय तापण्याचा धोका हे असताना उशीखाली फोन ठेवून झोपणाऱ्या माणसाला ते अडवायला मी सांगणार नाही.

पैशांविषयी मात्र एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. माझ्या ओळखीत ज्या तिघांच्या खात्यातून पैसे गेले, त्यांचे फोन अद्ययावत होते. व्हॉट्सॲपवर कोणाला लग्नपत्रिकेच्या, कोणाला आरटीओच्या चलानाच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, आली. त्यांनी ती स्वतः बसवली, एसएमएस वाचण्याची परवानगी स्वतः दिली, आणि ओटीपी परस्पर गेले. मासिक दुरुस्ती दाराचे कुलूप नीट करते. पाहुणा म्हणून आत घेतलेल्याला ती ओळखेलच असे नाही. हे मी अपडेट न घेण्याची सबब म्हणून सांगत नाही, पण 'अपडेट आहे म्हणजे पैसे सुरक्षित' असा जो सूर आपल्या प्रतिक्रियेत उमटला आहे, तो आपल्याच पिढीच्या वाचकांना गाफील ठेवेल अशी मला भीती वाटते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये रातोरात फोन उचलण्याचा पडदा बदलला, तेव्हा अपडेट बंद ठेवून काय उपयोग झाला, असेही आपण विचारले आहे. तो बदल सिस्टीमचा नव्हताच. गूगलच्या 'फोन' या ॲपचे नवे रूप गूगलने आपल्या बाजूने लागू केले, म्हणून सिस्टीम अपडेट बंद असलेल्या फोनांवरही ते दिसले. ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन 'अनइन्स्टॉल अपडेट्स' केल्यावर अनेकांना जुना पडदा परत मिळाला.

मूळ लेखाचे शीर्षक मी आज बदलले आहे, डेव्हलपर ऑप्शन्सचा भाग काढून टाकला आहे आणि आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून खाली दुरुस्ती जोडली आहे.

एक गोष्ट राहिली. आपण लिहिले आहे की घरात २०१८ सालचा आणखी एक फोन आहे, त्यावर कधी अपडेट येतच नाही, म्हणून तो बिनत्रासाचा आहे आणि विजेचे बिल, गॅस, दूधवाला हे सगळे व्यवहार आपण त्यावरूनच करता. त्या फोनवर अपडेट कोणी थांबवलेले नाही. कंपनीने ते देणे बहुधा केव्हाच बंद केले आहे. 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट टेकवले की 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' म्हणून एक तारीख दिसते. ती कोणत्या वर्षाची आहे, तेवढे पाहून मला कृपया कळवावे. आणि ती दोन वर्षांपूर्वीची निघाली, तर दूधवाल्याचे पैसे आजपासून आपल्या सॅमसंगवरून द्यावेत.