‘तासाला एक सेंटीमीटर’चा जुना हिशेब

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय: “पहिलटकरणीच्या गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडायलाच हवं. नाही उघडलं तर बाळ अडकलंय, लगेच सिझर करून घ्या. कळांचं औषध दिलं की सिझर ठरलेलंच.”

पहिलं वाक्य. हा वेग 1950च्या दशकातला, डॉ. इमॅन्युएल फ्रिडमन यांनी 500 पहिलटकरणींच्या नोंदींवरून काढलेल्या आलेखातून तो रूढ झाला. 2010 साली अमेरिकेत 62,415 सुखरूप, नैसर्गिक बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात चारवरून पाच सेंटीमीटरवर जायला सहा तासांहून जास्त लागू शकतात, असं दिसलं. खरा वेग येतो तो सहानंतर. म्हणून 2014 पासून तिथली प्रसूतितज्ज्ञांची संघटना सक्रिय कळा सहा सेंटीमीटरपासून धरते, जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून पाचपासून.

आता ‘अडकलंय’. रात्री अकराला चार सेंटीमीटर, पहाटे तीनला साडेचार, आणि केसपेपरवर शेरा: प्रगती नाही. अमेरिकेतल्या नव्या निकषांत हा शेरा बसतच नाही. तिथे सहा सेंटीमीटर झालेले हवेत, पाणमोट फुटलेली हवी, आणि चांगल्या कळा असूनही चार तास तोंड पुढे उघडलेलं नसावं. कळा कमी पडत असतील तर ऑक्सिटोसिनवर, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधावर, किमान सहा तास. अर्थात बाळाचे ठोके बिघडले किंवा जोराचा रक्तस्राव झाला तर घड्याळ बघत बसायचं नसतं. पण ते कारण वेगळं, आणि मेसेज नेमकी तिथेच गल्लत करतो. बरं, पहिलं सिझर पहिल्यावर संपत नाही; पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो.

औषधाचं म्हणाल तर 2018च्या चाचणीत 6,106 कमी जोखमीच्या पहिलटकरणी होत्या. 39व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्यांत सिझर 18.6 टक्के, वाट पाहिलेल्यांत 22.2. म्हणजे मेसेजच्या बरोबर उलट. म्हणून सगळ्यांनीच औषध घ्यावं असं नाही, पण ‘ठरलेलंच’ हे साफ खोटं.

मात्र नवे निकष भिंतीवर लावले की सिझर आपोआप घटतील, असं मानणाऱ्यांनाही 2019चा नॉर्वेतला अभ्यास अडचणीचा आहे. 14 प्रसूतिविभागांत काहींनी 2010च्या नोंदींवर बेतलेला नवा आलेख वापरला, काहींनी तासाला एक सेंटीमीटरचा जुना. सिझर दोन्हीकडे कमी झाली. दोन गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. मला तरी वाटतं, घट झाली ती आलेखामुळे कमी आणि प्रत्येक बाईकडे बारकाईने बघितल्यामुळे जास्त.