‘घटना बी. एन. राव यांनी लिहिली, आंबेडकरांनी फक्त सही केली’: एकेक विधान तपासू

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसवण्यावरून २०२५ मध्ये वाद पेटला. त्या वादासोबत एक मजकूरही घरोघरच्या मोबाईलवर पोचला. त्याचं सार असं: घटना सर बेनेगल नरसिंग राव यांनी लिहिली, आंबेडकरांनी फक्त सही केली आणि हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. पुतळ्याचं बाजूला ठेवू, मजकूर बघू.

‘मसुदा राव यांचाच.’ पहिला मसुदा त्यांचाच, यात वाद नाही. ऑक्टोबर १९४७ चा तो मसुदा २४३ कलमांचा आणि १३ परिशिष्टांचा होता, आणि त्याला आधार होता संविधान सभेच्या समित्यांचे अहवाल आणि सभेचे निर्णय. आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये जो मसुदा सादर केला त्यात ३१५ कलमं होती. शेवटी ३९५ झाली. मधल्या काळात ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. राव घटनात्मक सल्लागार होते, सभेचे सदस्य नव्हते. म्हणजे या दुरुस्त्यांना उत्तर द्यायला ते उभेच राहू शकत नव्हते. ते काम मुख्यतः आंबेडकरांनी केलं.

राव यांचा प्रभाव कुठे खरोखर दिसतो, तर आजच्या कलम २१ मध्ये. (जुन्या चर्चेत ते २१ म्हणून शोधाल तर सापडणार नाही, तिथे ते १५ आहे.) माणसाचं स्वातंत्र्य ‘ड्यू प्रोसेस’शिवाय (म्हणजे न्याय्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय) हिरावता येणार नाही, असं एप्रिल १९४७ मध्ये सभेने मान्य केलं होतं. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. अशा तरतुदीमुळे निवडून आलेल्यांचे कायदे मूठभर न्यायाधीश उडवू शकतात, हा त्यांचा आक्षेप राव यांना पटला. परत आल्यावर त्यांनी मसुदा समितीलाही तो पटवला, आणि जपानच्या घटनेच्या धर्तीवर ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. १३ डिसेंबर १९४८ ला आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय सभागृहावर सोडला. समितीचे शब्द कायम राहिले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १५ सप्टेंबर १९४९ ला आंबेडकरांनी कलम १५-अ आणलं, आजचं २२. अटकेचं कारण सांगायचं, वकील करू द्यायचा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच होतं. घटनेत आल्यामुळे संसदेला साध्या कायद्याने ते काढता येईना. आधीच्या कलमात जे गेलं त्याची ही भरपाई आहे, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही (गुन्हा घडण्याआधीच, तो टाळण्यासाठी कोठडीत ठेवणं) बसली, आणि त्यावर झालेली टीका रास्तच होती. शब्द एकाने बदलवले, उणीव दुसऱ्याने भरली. एवढ्यावरून ‘खरा लेखक’ कोण ठरवणार?

‘स्वतः कबूल केलं.’ २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी श्रेय राव यांना दिलं, पण ‘काही अंशी’. मजकुरातून नेमका हाच शब्द गळलाय. पुढे ते समितीतल्या सहकाऱ्यांचं नाव घेतात आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा, असं म्हणतात. कबुलीच प्रमाण मानायची तर मुखर्जींना पुढे करायला हवं; मजकुरात त्यांचं नावही नाही.

‘सात जणांचं काम एकाच्या नावावर.’ मसुदा समितीत सात होते, कागदावर. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहातच हिशेब दिला: एकाने जागा सोडली, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानी कामात गुंतलेले, एक-दोघे दिल्लीपासून लांब. भार आंबेडकरांवर पडला. जागा सोडणारे म्हणजे बडोद्याचे दिवाण बी. एल. मित्तर. समितीतलेच अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि क. मा. मुन्शी यांचं काम मात्र या हिशेबात झाकलं जातं.

राहिली ‘फक्त सही’. ग्वाल्हेरच्याच महाराज बाड्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात संविधानाच्या मूळ आवृत्तीची एक प्रत आहे. शेवटची पानं सह्यांची: २४ जानेवारी १९५० ला २८४ सदस्यांनी केलेल्या. राव यांची सही तिथे नाही, कारण सदस्यांनाच सही करायची होती. आणि इंग्रजी मजकुराचं ते सुंदर वळणदार अक्षर यांपैकी कुणाचंच नाही. ते प्रेम बिहारी नारायण रायजादा यांचं.